अ‍ॅनालॉग सिंथेसायझर : इतिहास, ओळख आणि खानदेशातील वादकासाठी वापराची पद्धत

खानदेशात लग्नाच्या वरातीत, कानबाईच्या मिरवणुकीत आणि अहिराणी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात जो कीबोर्ड वाजतो, त्यात आवाज तयार मिळतो. एक बटण दाबले की सनई, दुसरे दाबले की बासरी, तिसरे दाबले की व्हायोलिन. हा आवाज कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेला असतो आणि तो धुळ्यात वाजवला काय किंवा परदेशात वाजवला काय, सारखाच येतो. अ‍ॅनालॉग सिंथेसायझर म्हणजे विजेच्या दाबाने आवाज घडवणारे वाद्य. ते हाती घेणाऱ्याला मात्र आवाज मुळापासून घडवावा लागतो आणि त्यासाठी कान तयार असावा लागतो. भजनी मंडळात, बँडपथकात किंवा ऑर्केस्ट्रात हार्मोनियमवर सूर लावत मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या वादकाजवळ तसा कान असतो, अशी माझी खात्री आहे. त्याला यंत्राची ओळख आणि कामाचा क्रम मिळावा, म्हणून हा लेख लिहिला आहे.

हे वाद्य आपल्यापर्यंत कसे आले

विजेवर संगीत निर्माण करण्याची खटपट फार जुनी आहे. अमेरिकेतील थॅडियस केहिल यांनी १८९७ साली टेल्हार्मोनियमचे पेटंट घेतले. फिरत्या विद्युतजनित्रांतून सूर काढून ते टेलिफोनच्या तारांवरून श्रोत्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या या यंत्राची पुढची आवृत्ती सुमारे २०० टन वजनाची होती. १९२० च्या सुमारास रशियात हात न लावता वाजणारे थेरेमिन आले आणि १९४७ मध्ये फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांनी क्लॅव्हिओलिन हे छोटे, व्हॉल्व्हवर चालणारे वाद्य तयार केले. हे वाद्य आपल्या ओळखीचे आहे, कारण १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीचा आवाज कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलिनवर वाजवलेला होता. तो आवाज खरी पुंगी समजून आपल्या कित्येक पिढ्या डोलल्या, आणि विजेचे वाद्य इथल्या सुराला परके नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

आज ज्याला आपण सिंथेसायझर म्हणतो, त्याचा पाया १९६४ साली रॉबर्ट मूग आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच यांनी घातला. त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुक्ला वेगळ्या विचाराने यंत्रे बनवत होते आणि त्यांनी पियानोसारख्या पट्ट्यांऐवजी स्पर्शाला प्रतिसाद देणारे फलक पसंत केले. मूग यांचे यंत्र सामान्य श्रोत्यांपर्यंत नेले ते वेंडी कार्लोस यांनी. १९६८ मध्ये आलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत बाखच्या रचना होत्या, आणि यंत्रातून एका वेळी एकच सूर निघत असल्यामुळे प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाजवून टेपवर एकावर एक बसवावी लागली होती.

यानंतरचा टप्पा आपल्यापासून फार दूरचा नाही. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे १९७२ पर्यंत प्रयोग केले. त्या टेप अनेक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या आणि अलीकडे त्या पुन्हा लोकांसमोर आल्या. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावरच्या अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या गावांतून एका दिवसात गाठता येईल अशा शहरात, मूग यांचे पहिले यंत्र तयार झाल्यावर पाचच वर्षांनी हे घडत होते, हे आपल्या वादकांना सहसा कोणी सांगत नाही.

१९७० मध्ये आलेल्या मिनिमूगने भाग जोडणाऱ्या तारांचा गुंता संपवला आणि सूर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर, आवाज गाळणारा एक फिल्टर व पट्ट्या एकाच पेटीत बसवल्या. त्याच दशकात केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये एका वेळी पाच सूर वाजत आणि बटणांच्या जागा लक्षात ठेवण्याची सोयही होती. १९८२ मध्ये मुंबईचे चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. त्यांनी वापरलेल्या टीबी-३०३ वर शिकागोमध्ये पुढे नृत्यसंगीताचा एक संपूर्ण प्रवाह उभा राहिला, तोही त्यांच्यानंतर काही वर्षांनी. १९८३ पासून यामाहाच्या डीएक्स-७ ने आणि डिजिटल यंत्रांनी बाजार घेतला आणि अ‍ॅनालॉग मागे पडले. २०१० नंतर कोर्ग, आर्टुरिया आणि त्यानंतर बेहरिंगर यांनी लहान, तुलनेने स्वस्त अ‍ॅनालॉग यंत्रे पुन्हा आणली, त्यामुळे आज जळगाव किंवा शहाद्याच्या वादकालाही ते घेण्याचा विचार करता येतो.

यंत्र निवडणे

पहिले यंत्र एकसुरी, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजवणारे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले गाणे एका सुराच्या चालीवर उभे असते. गळा, सनई, बासरी हे सगळे एकसुरीच आहेत. यंत्र निवडताना चार गोष्टी पाहाव्यात : किमान दोन ऑसिलेटर असावेत, प्रत्येक कामाला स्वतंत्र बटण असावे, पट्ट्या निदान दोन सप्तकांच्या असाव्यात आणि ग्लाइडची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याची, सोय असावी. कोर्गच्या मोनोलॉगमध्ये याशिवाय प्रत्येक पट्टीचा सूर बारकाईने बदलण्याची, म्हणजे मायक्रोट्यूनिंगची सोय आहे आणि आपल्या संगीतासाठी ती फार मोलाची आहे. खर्चाची तयारी नसेल त्यांनी संगणकावर व्हीसीव्ही रॅक हा मोफत प्रोग्रॅम घेऊन शिकायला सुरुवात करावी. त्यातील आवाज गणिताने तयार होतो, विजेच्या दाबाने नाही. तरीही कामाचा क्रम तोच असल्यामुळे तेथे शिकलेले काही वाया जात नाही.

जोडणी

अडॅप्टर लावण्यापूर्वी त्यावरील व्होल्ट आणि धन-ऋणाचे चिन्ह यंत्रावरील चिन्हाशी ताडून पाहावे. कोर्गच्या लहान यंत्रांना ९ व्होल्टचा, मधली बाजू धन असलेला अडॅप्टर लागतो, तर गिटारच्या बहुतेक पेडलना मधली बाजू ऋण असलेला लागतो. दोन्हींची पिन सारखीच दिसते, त्यामुळे कार्यक्रमाच्या घाईत अदलाबदल होते आणि यंत्र बिघडू शकते. अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवणे हा सोपा उपाय आहे.

मिक्सरचा आवाज पूर्ण बंद ठेवून आधी सिंथेसायझर सुरू करावा, मग मिक्सर आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना हाच क्रम उलटा पाळावा. स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा असतो. हार्मोनियमच्या भाषेत हा सूर पांढरी पाचच्या जवळ, थोडा चढा पडतो, त्यामुळे पांढरी पाच किंवा पांढरी एकच्या गाण्यात तो सुरात मिसळून लपतो आणि काळी चारच्या गाण्यात उघड बेसूर वाटतो. तो घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कधीही काढू नये, कारण त्यात जिवाला धोका आहे. सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत आणि तरीही गुणगुण राहिली तर सिंथेसायझर व मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स, म्हणजे अशी गुणगुण तोडणारी जोडपेटी, घालावा.

आवाजाचे तीन टप्पे कानाने ओळखणे

अ‍ॅनालॉग यंत्रात पट्टी दाबली की एक ठरावीक विद्युतदाब तयार होतो. बहुतेक यंत्रांत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ८३ मिलिव्होल्टचा फरक असतो. हा दाब ऑसिलेटरला सूर सांगतो, ऑसिलेटरची लहर फिल्टरमधून जाते आणि शेवटी यंत्रातलाच अ‍ॅम्प्लिफायर तिचा जोर ठरवतो. बाकी सगळी बटणे या तिघांना कधी, किती आणि किती वेगाने हलवायचे एवढेच सांगतात.

सुरुवातीला फिल्टर पूर्ण उघडावा, रेझोनन्स शून्यावर ठेवावा, एकच ऑसिलेटर सुरू ठेवावा आणि मधल्या सप्तकातील एक सूर धरून लहरींचे प्रकार बदलत ऐकावेत. करवतीच्या दात्यांसारख्या सॉटूथ लहरीत मूळ सुराचे सर्व उपस्वर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले सूर, असतात, म्हणून ती भरदार आणि तीक्ष्ण वाटते. चौकोनी लहरीत फक्त विषम उपस्वर असल्यामुळे ती पोकळ, लाकडी वाद्यासारखी ऐकू येते. त्रिकोणी लहरीतही विषम उपस्वरच असतात, पण ते झपाट्याने क्षीण होतात आणि आवाज मऊ लागतो. चौकोनी लहरीची रुंदी कमी करत नेली की आवाज नाकात येऊ लागतो आणि सनईच्या जातीच्या वाद्यांकडे जाण्याचा रस्ता इथूनच निघतो. ही तपासणी घाईने उरकू नये. चार लहरी डोळे मिटून ओळखता आल्या की पुढचे सर्व सोपे होते.

त्यानंतर सॉटूथ ठेवून फिल्टरचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे उपस्वर कापले जातात ती सीमा, हळूहळू खाली आणावा. वरचे उपस्वर एकेक करून गळताना ऐकू येतात आणि शेवटी फक्त मूळ सूर उरतो. मूग यांच्या प्रसिद्ध फिल्टरची धार प्रति सप्तक २४ डेसिबल आहे, अन्य काही यंत्रांची १२. पहिली कापणी ठाम लागते, दुसरी सैल. रेझोनन्स वाढवला की कटऑफच्या ठिकाणचे उपस्वर उठून दिसतात. तो टोकापर्यंत नेल्यास काही फिल्टर स्वतःच शिट्टीसारखा सूर काढू लागतात, म्हणून हे करताना आवाज कमी ठेवावा आणि हेडफोन घालू नये.

तिसरा टप्पा एन्व्हलपचा, म्हणजे सुराचा जोर वेळेनुसार चढवण्या-उतरवण्याचा. अटॅक म्हणजे सूर किती वेळात पूर्ण जोरावर येतो, डिके म्हणजे तेथून किती वेळात खाली उतरतो, सस्टेन म्हणजे पट्टी दाबून ठेवल्यावर कोणत्या जोरावर टिकतो आणि रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर किती वेळात विरतो. अटॅक शून्य, डिके लहान आणि सस्टेन शून्य ठेवला की तंतुवाद्य छेडल्यासारखा आवाज येतो. अटॅक थोडा वाढवून सस्टेन पूर्ण केला की फुंकवाद्य किंवा गज फिरवल्याचा भास होतो. आवाजाची ओळख लहरीइतकीच या पहिल्या क्षणावर अवलंबून असते.

षड्ज-पंचम जुळवणे

बाजारातील तयार कीबोर्ड सप्तकाचे बारा समान भाग करतो आणि तो गांधार आपल्या गळ्यातील गांधाराशी जुळत नाही. ज्याने तानपुऱ्यासोबत गायले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. अ‍ॅनालॉग यंत्रात दुसऱ्या ऑसिलेटरचा सूर बटणाने अखंड सरकवता येतो, आणि या एका गुणासाठी मी हे वाद्य आपल्याकडच्या वादकाने शिकावे असा आग्रह धरतो.

यंत्र सुरू करून अर्धा तास तापू द्यावे. दोन्ही ऑसिलेटरवर सॉटूथ ठेवावी, फिल्टर अर्धा उघडावा आणि पांढरी एक धरून ठेवावी. आधी दोन्ही सूर एकच करावेत. ते जवळ आले की आवाज लाटेसारखा वरखाली होतो, लाट संथ होत जाते आणि सूर मिळाल्यावर थांबते. मग दुसरा ऑसिलेटर पंचमावर न्यावा. खालच्या सप्तकातील षड्ज १३०.८१ हर्ट्झचा धरला तर शुद्ध पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे १९६.२२ हर्ट्झचा होतो, पण समान भागांच्या कीबोर्डचा पंचम १९६.०० हर्ट्झचा असतो. षड्जाचा तिसरा उपस्वर आणि पंचमाचा दुसरा उपस्वर एकमेकांवर पडायला हवेत, ते ०.४४ हर्ट्झने चुकल्यामुळे सुमारे सव्वादोन सेकंदांत एक लाट ऐकू येते. बटण केसभर वर सरकवले की ती लाट लांबते, मंदावते आणि दोन सूर एकमेकांत बसतात. कान बटणापेक्षा सूक्ष्म असतो, म्हणून बटणावरच्या आकड्याकडे न पाहता लाटेकडे लक्ष द्यावे.

हाच प्रयोग गांधारावर करावा. शुद्ध गांधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे १६३.५२ हर्ट्झचा आहे, तर कीबोर्डचा गांधार १६४.८१ हर्ट्झचा. येथे सेकंदाला पाचांहून अधिक लाटा उठतात आणि ती थरथर एकदा ओळखू आली की पुढे प्रत्येक तयार टोनमध्ये खटकत राहते. ज्यांच्या यंत्रात एकच ऑसिलेटर आहे त्यांनी मोबाइलवरील तानपुऱ्याचा षड्ज स्पीकरवर लावून त्याच्याशी आपला सूर जुळवावा.

पावरीकडे जाणारा एक आवाज

साक्री, नवापूरच्या पट्ट्यात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजणारी पावरी हे आदिवासी फुंकवाद्य या अभ्यासासाठी मी मुद्दाम निवडतो, कारण तिचा आवाज कंपनीच्या कीबोर्डच्या यादीत सहसा सापडत नाही. त्या वाद्याची जागा यंत्राने घ्यावी असा हेतू येथे नाही. त्याच्या आवाजाची रचना समजून घेणे एवढाच आहे.

पहिल्या ऑसिलेटरवर चौकोनी लहर घेऊन तिची रुंदी साधारण २० ते २५ टक्क्यांवर आणावी. २५ टक्क्यांवर प्रत्येक चौथा उपस्वर नाहीसा होतो आणि २० टक्क्यांवर प्रत्येक पाचवा, त्यामुळे याच पट्ट्यात नाकातल्या आवाजाची छटा बदलते. दुसऱ्या ऑसिलेटरचा पट्ट्यांशी संबंध तोडता येत असेल, जसा मिनिमूगच्या तिसऱ्या ऑसिलेटरचा तोडता येतो, तर तो षड्जावर स्थिर ठेवून अगदी हळू मिसळावा, म्हणजे चालीखाली सूर धरलेला राहतो. नॉइजची, म्हणजे फुसफुशीसारख्या आवाजाची, सोय असल्यास ती जेमतेम ऐकू येईल इतकीच घ्यावी, त्यातून फुंकेचा खरखरीतपणा येतो. कटऑफ अर्ध्याच्या थोडा वर आणि रेझोनन्स पाव ठेवावा. अटॅक सुमारे ४० मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज अगदी लहान. ग्लाइड थोडाच द्यावा, कारण जास्त ग्लाइडने मींड येत नाही, नुसती घसरण येते. मींड बोटाने आणि पिच बेंडच्या चाकाने काढायची असते. चाकाची मर्यादा दोन स्वरांतरांवर ठेवून रोज गळ्याने एक जागा म्हणावी आणि मग ती चाकावर काढावी.

या वादनात श्वास तुटत नाही, म्हणून एक पट्टी सोडण्यापूर्वी दुसरी दाबावी. तसे केल्यास बहुतेक एकसुरी यंत्रांत एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही आणि सूर सलग राहतो. एलएफओने, म्हणजे इतर बटणांना हलवणाऱ्या मंद ऑसिलेटरने, सुराला सतत कंप देण्याचा मोह टाळावा. सारखा, मोजून आलेला कंप यंत्राची खूण सांगतो. त्याऐवजी एलएफओ अतिशय मंद करून तो लहरीच्या रुंदीवर लावला तर आवाज जिवंत वाटतो आणि सूर हलत नाही.

अहिराणी नाचाच्या गाण्याला लागणारा खालचा सूर याच्या तुलनेत सोपा आहे : सॉटूथ, कटऑफ बराच खाली, फिल्टरवर २०० ते ३०० मिलिसेकंदांचा डिके आणि सस्टेन शून्य. ढोलाचा ठोका आणि हा सूर एकाच क्षणी पडत असतील तर दोघांपैकी एकाचा तळ कमी करावा, अन्यथा मोठ्या स्पीकरवर दोन्ही गढूळ होतात.

आवाज नोंदवून ठेवणे

अनेक लहान यंत्रांना स्मरणशक्ती नसते. बटण हलले की आवाज गेला, म्हणून चांगला आवाज सापडताच यंत्राच्या दर्शनी भागाचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे, त्याच वेळी दहा सेकंदांचे ध्वनिमुद्रण करावे आणि वहीत गाणे, पट्टी व दोन ऑसिलेटरमधील अंतर लिहावे. छायाचित्रावरून बटणे लावल्यावर शेवटची दुरुस्ती ध्वनिमुद्रण ऐकूनच करावी, कारण एकाच जागेवरचे बटण दोन दिवशी नेमके तेच देईल याची हमी नसते.

खानदेशचा उन्हाळा आणि यंत्र

अ‍ॅनालॉग ऑसिलेटर तापमानाला संवेदनशील असतो, आणि ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेथे ही बाब गांभीर्याने घ्यायला हवी. पट्टीच्या दाबाचे सुरात रूपांतर करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे वर्तन निरपेक्ष तापमानानुसार बदलते. तापमानाची भरपाई न केलेले सर्किट २५ अंशांवर जुळवले आणि ४३ अंशांवर वाजवले, तर एका सप्तकात बाराऐवजी सुमारे ११.३ स्वरांतरेच मिळतील. चांगल्या यंत्रांत यासाठी तापमानानुसार बदलणारा रोधक किंवा स्वतःला ठरावीक तापमानावर ठेवणारी चिप असते, आणि अलीकडची अनेक यंत्रे स्वतःहून सूर तपासून घेतात. तरीही उन्हात ठेवलेल्या टेम्पोतून काढलेले यंत्र लगेच वाजवू नये. ते मंडपाच्या सावलीत, पंख्याचा थेट झोत लागणार नाही अशा जागी अर्धा तास सुरू ठेवावे आणि मगच जुळवावे. दुपारच्या हळदीला जुळवलेले यंत्र रात्रीच्या वरातीत पुन्हा जुळवावे लागते, आणि जनरेटरवरून वीजबोर्डाच्या पुरवठ्यावर आल्यासही सूर तपासावा.

धूळ हा दुसरा शत्रू आहे. बटण फिरवताना खरखर येऊ लागली की ते बटण टोकापासून टोकापर्यंत अनेकदा फिरवावे, तेवढ्याने गेली नाही तर वीज काढून इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा वापरावा. घरातील तेलाचा स्प्रे वापरू नये. जुन्या यंत्रात वरच्या सप्तकात सूर उतरत किंवा चढत असेल तर आतील स्केलचा ट्रिमर, म्हणजे बारीक जुळणीचा स्क्रू, जुळवावा लागतो. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडून, यंत्र तासभर सुरू ठेवल्यानंतर आणि शक्यतो ज्या हवामानात कार्यक्रम अधिक असतात त्याच हवामानात करून घ्यावे. आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मेमध्ये जोरात असते, त्यामुळे ही जुळणी डिसेंबरच्या थंडीत न करता मार्चअखेरीस करणे योग्य ठरते.